नसबंदी उलटवण्याचं ऑपरेशन: नागपूरच्या एका हॉस्पिटलचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि नाव लिहिलं की आमच्याकडचं कोण तिथं गेलं होतं हे गावापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांना गडचिरोलीत विचारलं तर कळेल.

लिहायचं कारण एवढंच की विचारणारे वाढलेत. 1 जानेवारी 2025 ला माओवादी पार्टीतल्या ताराक्का जंगलातून बाहेर आल्या, त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला पार्टीतले मोठे नेते भूपतीदादांनी साठ साथीदारांसोबत शस्त्रं खाली ठेवली. मागोमाग आणखी कितीतरी जण आले, त्यात जोडपी पुष्कळ. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक जोडप्यात नवऱ्याची नस कापलेली आहे. बाजारात भेटले की आधी पावसापाण्याचं बोलतात, मग बाजूला घेऊन हळूच विचारतात, "जुडते का ताई परत?"

जुडते. पण सगळ्यांची नाही, आणि जुडली म्हणजे लेकरू झालंच असंही नाही. तेच नीट सांगते.

मी दलममध्ये, म्हणजे पार्टीच्या जंगलातल्या बंदूकधारी तुकडीत, डॉक्टर टीमला होते. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, बाकीचं वाचन तिकडे झालं. सध्या एका दवाखान्यात मदतनीस आहे. त्यामुळे कुठल्याही हॉस्पिटलात गेले की माझी नजर आधी ट्रेवर जाते, हात धुतात का, ग्लोव्ह बदलतात का. ऑपरेशन नवऱ्याचं झालं, पण लिहिते मी, कारण त्याचा रिव्ह्यू दोन वाक्यांत संपतो: दुखलं नाही, वरण बरं होतं.

आधी डॉक्टर. सर्जन उत्तम. वयानं फार नाहीत, पण घाई नाही आणि आवाज चढत नाही. नवऱ्याला पहिला प्रश्न केला, "नसबंदीला किती वर्षं झाली?" अकरा, असं सांगितल्यावर त्यांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या. तो कागद माझ्याकडे अजून आहे आणि ज्याला त्याला मी तोच दाखवते. तीन वर्षांच्या आत जोडली तर शंभरातल्या 97 जणांच्या वीर्यात पुन्हा बीज दिसतं आणि 76 जणांच्या घरी दिवस राहतात. तीन ते आठ वर्षं झाली असतील तर 88 आणि 53. नऊ ते चौदा, 79 आणि 44. पंधरा किंवा जास्त, 71 आणि 30. हे आकडे अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या अभ्यासातले आहेत, 1991 सालचे, आणि मायक्रोस्कोपखाली केलेल्या ऑपरेशनचे आहेत, असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. म्हणजे दुसऱ्या कुणी "गॅरंटी" म्हटलं तर तिथून उठायचं.

आणि बायकोचं वय वेगळं धरायचं. हे मात्र ते माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगत होते.

ऑपरेशन असं असतं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात. अंडकोषाच्या पिशवीवर छोटा काप घेतात, कापलेल्या नसेची दोन्ही टोकं शोधतात, वाळलेला भाग काढून टाकतात. आतल्या टोकातून जे पाणी येतं त्याचा थेंब तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यात बीज दिसलं तर टोकाला टोक जोडतात, केसाहून बारीक दोऱ्यानं, दोन थरांत. पाणी घट्ट असेल आणि बीज नसेल तर अडथळा मागे आहे असं समजायचं, मग नस थेट अंडकोषामागच्या नळीला जोडावी लागते. ते काम जास्त अवघड, यश कमी. कुठलं करावं लागेल हे आधी कळत नाही, पोट उघडल्यावर कळावं तसं टेबलावरच कळतं. म्हणून जायच्या आधी विचारा, की तुमच्या डॉक्टरांना दोन्ही येतं का. आमच्या डॉक्टरांना येत होतं, लागलं नाही. तीन तासांच्या आसपास चाललं. दुसऱ्या दिवशी सोडलं. घट्ट चड्डी, महिनाभर जड उचलायचं नाही, सायकल नाही, आणि बाकीचं काय नाही ते तुम्हाला कळलंच असेल.

टाके बघून मी नवऱ्याला म्हटलं, हे हात आपल्याकडे असते तर!

आपल्याकडे कसं होतं ते बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. लग्नाला बंदी नव्हती. पार्टीला विचारायचं, पार्टी परवानगी द्यायची, आणि परवानगीसोबत नसबंदी. आमच्या भागात बाहेरून माणूस यायचा, एका बैठकीत पाच-सहा जणांची करून रातोरात निघून जायचा. ताडपत्री, टॉर्च, उकळलेलं पाणी. टॉर्च मी धरलेला आहे. पुरुषाचीच करायची, कारण ती सोपी असते आणि माणूस लवकर चालायला लागतो. आता दवाखान्यात काम करताना मला याची गंमत वाटते. 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशभरात नसबंदी केलेल्या बायका जवळपास 38 टक्के, आणि पुरुष 0.3 टक्के. शिबिराला बाया रांगेनं येतात, नवरे बाहेर बिडी ओढत बसतात. या एका गोष्टीत जंगल पुढे होतं म्हणा.

नियमाची कारणं खोटी नव्हती. पोटुशी बाई रात्री वीस-पंचवीस किलोमीटर चालू शकत नाही. तान्हं रडलं की अख्खा कॅम्प उघडा पडतो. दूध कुठून आणणार? आणि लेकरू झालं की आईबापाचं मन बंदुकीवर राहत नाही, हे वरचे लोक उघड म्हणायचे. कारणं खरी होती म्हणून निर्णय आमचा होता असं मात्र नाही. मी तेव्हा तेवीसची, तो पंचविशीतला. "मंजूर आहे ना?" असं विचारलं तर तिथं कोण नाही म्हणतं? तरीही एखादीला दिवस गेलेच तर काय करायचं तेही ठरलेलं असायचं, आणि त्या गोळ्या माझ्या पिशवीत असायच्या. एकीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी मार्च होता, पाण्याची बाटली माझ्याच हातातून घेतली.

असो. हॉस्पिटलकडे येते.

स्वच्छता: ऑपरेशन थिएटरपर्यंत जे दिसलं ते चांगलं. वॉर्डमध्ये चादर रोज बदलत होते. संडास वॉर्डचा बरा, ओपीडीचा अजिबात नाही. जेवण सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी. भात कमी देतात, मागितला तर देतात, फक्त मागावं लागतं. आमच्यासारख्या भातखाऊंनी लाजू नये. तर्री पोहे खायचेच असतील तर गेटबाहेर गाडी आहे, पेशंटला देऊ नका.

पैसे: आमच्या ऑपरेशनची सोय प्रशासनानं केली होती. तपासण्या, बाहेरची औषधं आणि राहणं आमचं. ज्यांची सोय झालेली नाही त्यांनी आधी सगळा खर्च लेखी मागावा, मायक्रोस्कोपचे पैसे वेगळे लावतात का तेही विचारावं. ऑपरेशनच्या वेळी निघालेलं बीज गोठवून ठेवायचं का असं विचारतात, त्याचं भाडं दरवर्षी. आम्ही नाही म्हटलं. नस जुडलीच नाही तर सुईनं बीज काढून टेस्ट ट्यूब बेबी करता येतं, पण त्याचा खर्च लाखाच्या वर जातो आणि एका खेपेत होईलच असं नाही.

आता तक्रार. वीर्य तपासणीचा नमुना "इथंच द्या" म्हणतात. इथंच म्हणजे लॅबला लागून असलेला संडास, ज्याची कडी धड लागत नाही आणि बाहेर लघवीच्या बाटल्या घेतलेली रांग. रात्र-रात्र सेंट्रीला उभा राहिलेला माझा माणूस तिथून घाम पुसत रिकामी डबी घेऊन बाहेर आला. लॅबवाला पोरगा वर म्हणतो, "काका, लवकर करा." इतकं मोठं बिल्डिंग, एक खोली देता येत नाही? वेगळी खोली, आतून कडी, बस. यावर उपाय आहे: जवळच्या लॉजवर थांबा, नमुना तिथे घ्या, डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा म्हणजे गार होत नाही, आणि तासाच्या आत लॅबला पोचवा. आधी दोन ते सात दिवस जवळ यायचं नाही. हे कुणीही सांगत नाही, मी सांगते.

दुसरी तक्रार मोठी आहे. तिथे काउन्सेलर म्हणून एक साहेब बसतात. टेबलावर गुटगुटीत गोऱ्या बाळाचा फोटो. त्यांनी नवऱ्याचं नाव, वय, व्यसन, नसबंदीचं वर्ष लिहिलं. "जबरदस्तीची?" असं विचारलं. नवरा गप्प. साहेबांनी स्वतःच हो लिहिलं. मग माझ्याकडे फॉर्म सरकवला, "इथे पत्नीची सही." मी वाचायला लागले तर म्हणाले, "वाचण्यासारखं काही नाही ताई, तुमच्याच भल्याचं आहे." हे वाक्य मी पूर्वीही ऐकलेलं आहे, झाडाखाली बसून. तरीही पूर्ण वाचलं, मग सही केली. त्यांना उशीर झाला असेल तर झाला.

लोकांना वाटतं, बाहेर आले म्हणजे आता यांना लेकरू पाहिजेच. पाहुण्यांना वाटतं, साहेबांना वाटतं, पत्रकारांना तर फारच वाटतं. आमच्यातल्या एखाद्या जोडप्याला बाळ झालं की पेपरात फोटो येतो, मोठी माणसं अभिनंदन करतात. आनंदाचीच गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो फोटो बघून सासू विचारते, तुझा कधी येणार? तिकडे माझं पोट रिकामं ठेवणं क्रांतीचं काम होतं, इकडे ते भरणं शांततेचं काम झालंय.

माझी आई वेगळ्या हिशोबानं चालायची. तिला सात झाली, तीन जगलो. गडचिरोलीजवळच्या गावांत 1988 साली हजारात 121 बाळं वर्षाच्या आत जायची, हा शोधग्रामच्या डॉक्टर बंगांनी मोजलेला आकडा आहे. आमचं गाव तर आणखी आत, तिथं मोजायला कुणी आलं नव्हतं. त्यात दलम यायचं, घरटी एक पोरगं मागायचं. आई म्हणायची, "एक रोगाला, एक जंगलाला, एक माझ्या म्हातारपणाला." म्हणजे तीन उरायला हवी असतील तर किती व्हायला पाहिजेत ते तुम्हीच बघा. पोरगी मोठी व्हायला लागली की घाईनं लग्न लावायचे, लग्न झालेलीला सहसा नेत नाहीत म्हणून. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच पंधराव्या वर्षी उरकलं, सोळाव्याला तिच्या मांडीवर लेकरू. म्हणजे जंगलात गेलेली मी बिनलेकराची, आणि जंगलाला चुकवलेली ती चार लेकरांची आई. दोघींचंही ठरलं ते बंदुकीच्या धाकानंच.

शेजारच्या घरात तर पोरगा खबरी म्हणून मारला. कुणी मारला ते सगळ्यांना माहीत आहे. आई चाळिशीला आलेली, पाळी येत-जात होती, तरी त्या दोघांनी पुन्हा एक होऊ दिलं. मुलगाच झाला, आणि नाव तेच ठेवलं. आज तो शाळेत जातो. त्याला त्या नावानं हाक मारायला मला जड जातं.

आणि बंदुकीच्या पलीकडच्या बाजूलाही काही वेगळं नाही. नागपूरला जाताना आमच्यासोबत साध्या कपड्यातला एक शिपाई दिला होता. वयानं आमच्याच बरोबरीचा, माडियाच, घर भामरागडकडे. आरमोरीपर्यंत तो काही बोलला नाही. ब्रह्मपुरीला एसटी थांबली, चहा झाला, तेव्हा नवऱ्याला म्हणाला, "दादा, आमचंही एकच आहे." लग्न झालं त्या वर्षी त्याची आतल्या ठाण्याला बदली झाली. बायको म्हणाली, काही झालं तर मागे काहीतरी राहू दे, म्हणून पहिली पोरगी लगेच. पुढे 1 मे 2019 ला जांभुळखेड्याचा स्फोट झाला, पंधरा जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. त्यातले दोघं याच्या ओळखीचे. तेव्हापासून बायको म्हणते, आता दुसरं नको, एकटीनं दोन कशी वाढवू? एकाच बाईनं एकाच भीतीपोटी आधी घाई केली आणि नंतर थांबली. तो हे सांगत होता आणि माझा नवरा खाली बघत होता. नागभीड आल्यावर दोघांनी मिळून खारे शेंगदाणे घेतले.

मला कुणी विचारलं, की लढाईमुळे माणसं लेकरं जास्त होऊ देतात की कमी, तर मी घर बघून सांगेन. ज्या घरातून गेला, ते भरून काढायला बघतात. जिथं जाईल अशी भीती आहे, तिथं कुणी घाई करतं, कुणी थांबतं. आणि जिथं आता डांबरी रस्ता आला, 1 जानेवारी 2025 पासून गर्देवाड्याला एसटी जाते, बाळंतपणाच्या आधी बाईला माहेरघरात नेऊन ठेवता येतं, तिथल्या पोरी दवाखान्यात येऊन मला सरळ विचारतात, "ताई, दोनवर थांबायचं आहे, काय करू?" आईच्या हिशोबातला रोग गेला, जंगल गेलं, उरलं म्हातारपण.

या सगळ्यात हॉस्पिटलला पाचपैकी चार का देते, ते सांगायचं राहिलं. तिथल्या एका सिस्टरमुळे. भंडाऱ्याकडच्या आहेत, वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझं रक्त काढायला आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही जरा चहा पिऊन या. दार लावलं. शीर शोधता शोधता विचारलं, "तुला पाहिजे का गं लेकरू? की सगळे म्हणतात म्हणून?"

मी बराच वेळ काही बोलले नाही. सुई निघाली, कापूस दाबला, तरी त्या थांबल्या होत्या. मग मी म्हटलं, पाहिजे, पण आत्ता नाही. आत्ता कुठे स्वतःच्या नावावर घर झालंय, पगार सुरू झालाय, रात्री झोप लागायला लागली आहे. मला कधी कधी रात्री पावलं ऐकू येतात आणि मी उठून बसते. अशात लेकरू कुशीत असलं तर काय करीन ते मला माहीत नाही.

सिस्टरनं "सगळं ठीक होईल" वगैरे म्हटलं नाही. म्हणाल्या, नस आत्ता जोडून घ्या, कारण तिचा काळ पुढे सरकतो. लेकराचं तुझं तू ठरव. तोवर निरोध वापरा. वय चौतीस आहे, ते विसरू नको, फार लांबवलं तर तुझ्या बाजूनं अवघड होईल. आणि रात्रीच्या पावलांसाठी एका डॉक्टरीणबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, त्या मनाच्या डॉक्टर. त्यांच्याकडे मी जाते. फरक आहे.

तर आज परिस्थिती अशी. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पहिला रिपोर्ट केला. मिलीलिटरला 90 लाख. नॉर्मल 1 कोटी 60 लाखांच्या वर धरतात, पण पुढचे काही महिने, कधी वर्षभरही, आकडा वाढू शकतो असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं तो कागद घडी करून आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलाय. बीज आलंय आणि घरात निरोधचं पाकीट आहे. हे सासूला सांगू नका. शिपाईदादांनाही नको, ते आता दर आठवड्याला फोन करून "काही बातमी?" विचारतात.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: नसबंदी कोणत्या वर्षी झाली ते आठवून जा, कागद नसला तरी चालतं, पावसाळा-उन्हाळा सांगितला तरी लिहून घेतात. दोघांची आधार कार्डं न्या. पहाटेची गाडी पकडली तरच ओपीडीचा नंबर लागतो. बायको सोबत जाणार असेल तर सकाळीच पोचा, त्या सिस्टर सकाळच्या पाळीला असतात. दुपारी दोननंतर गेलात तर ते फॉर्मवाले साहेबच भेटतील.